हात वर, पानं जागेवर

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा सिस्टरनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, "पत्ते येतात का?"

मला वाटलं, व्यसनं तपासतायत. आठवीतून शाळा सोडलेला, पार भंडाऱ्याकडून आलेला, तुळिंजच्या एका दुकानात सरकत्या खिडक्या बसवणारा माणूस मी. खोलीवाल्यांपुढे उभा राहिलो की काही न करताच गुन्हेगार दिसतो. मी छातीवर हात ठेवला नि म्हणालो, "नाही जी. पत्त्याला हात लावत नाही. सुपारीसुद्धा खात नाही."

"मग कठीण आहे," त्या म्हणाल्या आणि दार लोटायला लागल्या.

मागून बायकोचं कोपर बसलं. "येतात जी यायले," ती म्हणाली. "पोळ्याले तीन पत्ती खेळतात. न् हरतात."

"हरतात?" दार परत उघडलं. "मग चालेल. रविवारी दुपारी यायचं. हात धुऊन."

अशी आम्हाला नंदाखाल गावातली खोली मिळाली. पुढे केळीची वाडी, मध्ये सिस्टरचं कौलारू घर, मागे आमची एक खोली आणि न्हाणी. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं म्हणून पहिले काही दिवस मी त्यांना चर्चमधल्या सिस्टर समजत होतो, आणि मठातल्या बाईने घरात पत्त्यांचा अड्डा कसा चालवला या विचाराने घाबरून होतो. मग कळलं की त्या मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात आयुष्यभर नर्स होत्या. नवरा बोटीवर होता. त्याने बोटीवरून दोनच गोष्टी घरी आणल्या, असं त्या सांगायच्या: एक गुडघेदुखी आणि दुसरं पोकर. गुडघेदुखी तो सोबत घेऊन गेला. पोकर राहिलं.

सिस्टरही गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्याबद्दल कोणी शिकलेल्या माणसाने लिहायला हवं होतं. पण शिकलेले जे दोघे त्या टेबलावर बसायचे, ते कोणी लिहायचं यावरून अजून एकमेकांशी भांडतात. राहिलो मी.

टेबल ओटीवर असायचं. एका बाजूला इनास अंकल, औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले, दर दोन वाक्यांनी मोबाईल उघडून 'नियम बघतो' म्हणणारे. समोर हरेश्वरकाका, खाडीकडच्या गावातले शेतकरी, येताना सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी आणायचे आणि एकटेच अर्धी संपवायचे. चौथा मी. पैसे नसायचे. सिस्टर पैशाला 'घाण' म्हणायच्या, म्हणजे तत्त्व म्हणून नव्हे, नोटांना किती हात लागलेले असतात म्हणून. आम्ही वालाच्या दाण्यांवर खेळायचो. डावात लावलेले वाल मध्ये एका स्टीलच्या ट्रेमध्ये पडायचे. किडनीच्या आकाराचा, ऑपरेशनच्या टेबलाशी असतो तसला. त्यात वाल पडले की टणटण वाजायचं आणि मला दर वेळी कोणाचा तरी मुतखडा काढल्यासारखं वाटायचं.

बोटीवरचं पोकर सोपं होतं. प्रत्येकाला पाच पानं, एकदा हवी तेवढी बदलून घ्यायची, मग वाल लावायचे, न जमलं तर पानं टाकून गप्प बसायचं. खेळ सोपा. चुका मात्र कठीण. आणि सिस्टरना खेळात रस नव्हताच, त्यांना चुकांत रस होता.

कोणाचं पान चुकून उघडं पडलं, कोणी पाळी नसताना बोललं, कोणाला सहा पानं गेली, की सिस्टर ओरडायच्या, "हात वर! पानं जागेवर!" आम्ही चौघं हात खांद्यापर्यंत उचलून बसायचो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, घरात दरोडा पडलाय. मग सिस्टर ट्रेवर आणि पानांवर हिरवं कापड टाकायच्या. कोणाकडे काय आहे, कोणाचा फायदा होणार, काहीएक दिसता कामा नये.

"आता सांगा काय झालं. कोणी केलं ते नको. काय झालं."

हे 'कोणी केलं ते नको' मला सुरुवातीला समजेचना. माझ्या अख्ख्या आयुष्यात चूक झाली की आधी 'कोणी' निघायचं आणि बहुतेक वेळा तो मीच निघायचो. शाळेत, दुकानात, साईटवर. काच तडकली की शेठ बाकीच्या कामगारांकडे बघत नाही, सरळ माझ्याकडे बघतो. त्या दिवशी मी सुट्टीवर असलो तरी.

एकदा मी विचारलं, तेव्हा त्या पानं वाटता वाटता म्हणाल्या, "आमच्या इस्पितळात एक मेट्रन होती. नर्सने चूक केली की सगळ्या वॉर्डासमोर फाडायची. तिच्या वॉर्डात कधी चुका झाल्याच नाहीत."

"अरे वा," मी म्हणालो.

"कागदावर," सिस्टर म्हणाल्या. "तुझी पाळी, भंडारा."

मला त्या 'भंडारा' म्हणायच्या. नाव विचारलं होतं, लक्षातही होतं, पण पत्त्यांच्या टेबलावर भंडारा.

माझ्या पहिल्याच रविवारी मी पानं न बघता दोन वाल ट्रेत टाकले आणि रुबाबात म्हणालो, "ब्लाइंड!" तीन पत्तीत पानं न बघता खेळणाऱ्याला अर्धीच चाल लागते. इथे असं काही नसतं हे मला कोण सांगणार? इनास अंकल इतके हसले की त्यांचा चष्मा सुकेळ्यांत पडला.

"हात वर!"

"अगं सिस्टर, जाऊ दे ना," इनास अंकल म्हणाले. "नवीन आहे बिचारा. परत दे त्याचे वाल."

"गावाकडचा माणूस," हरेश्वरकाका म्हणाले. "त्याला कोन शिकवनार."

मी मान डोलावली. बिचारा म्हटलं की मला बरं वाटतं. आयुष्यात बऱ्याच गोष्टी त्या एका शब्दावर मिळाल्यात, खिडकीच्या मापात चूक झाल्यावरची दुसरी संधीसुद्धा. पण सिस्टरचा चेहरा लाल झाला. त्या त्यांच्या घरच्या बोलीत इनास अंकलना काहीतरी म्हणाल्या. ती बोली मला आजही नीट कळत नाही, पण अंकल हसायचे थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला.

मग सिस्टर मराठीत म्हणाल्या, "बिचारा म्हणशील तर तो उठेल किंवा तू. टेबलावर बसला तो खेळाडू. चूक त्याला तीच लागेल जी तुला लागते. वाल टाकले ते टाकले. आता पानं बघ, भंडारा, आणि पूर्ण लाव, नाहीतर पानं टाक."

मी पानं टाकली. दोन वाल गेले. रात्रभर मला वाटत राहिलं की बाईने माझा अपमान केला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले दंड केला? तुमाले?" आणि मग थोडा विचार करून, "मंग तुमाले त्यायनं माणसात धरलं जी." मला ते पटायला बरेच रविवार लागले. बायको चौथीपर्यंत शिकली आहे, पण तिला गोष्टी लवकर कळतात.

निवाडा मात्र सिस्टर एकट्या करत नसत. ज्याने पानं टाकलेली आहेत, ज्याला त्या डावात आता काही मिळणार नाही, त्याने करायचा. ज्यांच्यात भांडण आहे त्यांनी उठून विहिरीकडे जायचं. मोबाईल बघायचा नाही. इनास अंकलनी मोबाईल काढला की त्या म्हणायच्या, "तो या टेबलावर बसलेला नाही. त्याला इथली माणसं माहीत नाहीत." आणि हे सगळं गड्डी पिसेपर्यंतच. एकदा पत्ते पिसले की मागचा डाव संपला, मग कितीही घोर अन्याय झालेला असो.

एका रविवारी चर्चचे नवे तरुण फादर घरभेटीला आले, चहा घेतला, आणि हौसेने एक डाव बसले. त्यांनी पाळी नसताना पानं बदलून मागितली. आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. सिस्टरनी फादरना हात वर करायला लावले.

"मग आता माझं प्रायश्चित्त काय?" फादर हसत म्हणाले.

"प्रायश्चित्त तुमच्याकडे, फादर. आमच्याकडे फक्त पान परत घेतात."

फादर परत कधी खेळायला आले नाहीत, पण रविवारच्या प्रवचनात त्यांनी नाव न घेता सिस्टरना चांगलं म्हटलं, असं हरेश्वरकाकांनी मला सांगितलं. हरेश्वरकाका हिंदू, त्यांना हे कसं कळलं, विचारू नका. त्यांना चर्चमधलं सगळं इनास अंकलच्या आधी कळायचं.

सिस्टरची सगळ्यात गाजलेली केस म्हणजे चटईखालचा गुलाम. इनास अंकल त्या दुपारी प्रथमच भरभरून जिंकत होते, समोर वालांचा डोंगर. शेवटी चटई झटकताना खालून चौकटचा गुलाम निघाला. दुपारभर आम्ही एक पान कमी असलेल्या गड्डीने खेळलो होतो.

"पिसून झालं की मागचा डाव संपला," अंकल घाईघाईने म्हणाले. "तुझाच नियम."

"तो खेळणाऱ्यांच्या चुकीला," सिस्टर म्हणाल्या. "इथे पत्तेच अपुरे होते. आज आपण खेळलोच नाही."

"खेळलोच नाही म्हणजे? मग मी दुपारभर काय केलं?"

"बसला होतास. चहा प्यालास."

सगळ्यांचे वाल सारखे वाटले गेले. इनास अंकलनी पुढचा महिनाभर चर्चमध्ये, प्रार्थनेत शेजारच्याला हात जोडून शांती द्यायची वेळ आली की मुद्दाम सिस्टरकडे पाठ करून उभं राहायचं व्रत पाळलं. रविवारी दुपारी मात्र हात धुऊन वेळेवर हजर. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत पत्ते कपाटात बंद असायचे, तेव्हा तर तेच सगळ्यात जास्त चिडचिडे. मी मात्र त्या दिवसांत रविवारी शांत झोपायचो.

कारण, खरं सांगतो, मी त्या टेबलावर कधी मोकळेपणाने बसलोच नाही. मी भाडेकरू होतो. खोलीचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं. आणि त्या खोलीच्या पत्त्यावर माझी मुलगी चर्चच्या शाळेत पहिलीला बसली होती. आमच्या दोन्ही घरांत मिळून शाळेचा बिल्ला छातीवर लावणारी ती पहिली. ती रोज सकाळी सिस्टरच्या ओटीवरून चालत शाळेत जायची, आणि मी मागून बघत राहायचो, जसा काही ती विमानात बसून चाललीय. खोली गेली की ते सगळं गेलं. आधी आम्ही राहायचो त्या सोपाऱ्याच्या चाळीतून तिला रोज इथे आणायला मला नोकरी सोडावी लागली असती, आणि नोकरी सोडली की शाळा सुटलीच.

ॲग्रीमेंट संपत आलं त्या आठवड्यात सिस्टरच्या मुलाचा कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. न्हाणीची खिडकी सिस्टरच्या स्वयंपाकघराला लागून आहे. ती मीच बसवलेली, त्यामुळे ती नीट बंद होत नाही. मला ऐकू आलं, "मम्मी, बँकेत नोकरी करणारं जोडपं आहे. दोघंच. शनिवारी येतील बघायला." सिस्टर काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, कारण माझी बादली भरून वाहत होती.

शनिवारी कोणी आलं का, ते कळलं नाही. मी साईटवर होतो, बायको मुलीला घेऊन डॉक्टरकडे. रविवारी दुपारी हात धुताना बायको मागे येऊन उभी राहिली. "आज डोकं चालवू नका," ती म्हणाली. "सिस्टरले जिंकू द्या. येक दिवस."

मी म्हणालो, मला मुद्दाम हरायची गरज कधी पडली आहे?

आणि नेमकी त्या दिवशी पानं यायला लागली. मला पाचच्या पाच किलवर आली. मी ती छातीशी धरली. लावत गेलो. इनास अंकलनी टाकली. हरेश्वरकाकांनी टाकली. ट्रे भरत गेला. शेवटी मी आणि सिस्टर.

सिस्टरनी पानं मांडली. पाच, सहा, सात, आठ, नऊ. वेगवेगळ्या रंगांची, पण ओळीने. रन!

माझा जीव भांड्यात पडला. आमच्या गावाकडे रनपुढे एकाच रंगाची पानं म्हणजे काहीच नाही. मी आनंदाने माझी पानं एकावर एक उघडी टाकली, वर किलवरची राणी, आणि म्हणालो, "तुमचं जी, सिस्टर!" सिस्टरनी ट्रे ओढला. बायकोचं काम झालं होतं.

पुढचा डाव हरेश्वरकाकांनी वाटायचा होता. ते सुकेळं चघळत पानं गोळा करत आले, माझ्या राणीवर बोटं ठेवली, आणि त्याच क्षणी मला आठवलं की तीन पत्तीत आहे ते पोकरमध्ये उलटं आहे. इथे एका रंगाची पाच पानं रनच्या वर. सिस्टरनी हे मला किती वेळा सांगितलं असेल. ट्रे माझा होता.

कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर नुकसान फक्त माझं, आणि ते मला हवंच होतं. बोललो तर ज्या आठवड्यात खोलीचा फैसला त्याच आठवड्यात मालकिणीच्या हातातून ट्रे काढून घेणार. मी स्वतःला म्हणालो, गप्प बस. स्वतःच्या मुलीची शपथ, गप्प बस. आणि बघतो तर माझे दोन्ही हात वर.

"काय रे?" इनास अंकल म्हणाले.

"चूक झाली," मी म्हणालो. "कोणी केली ते… म्हणजे मीच केली, पण ते नको. काय झालं ते असं की ही सगळी किलवर आहेत."

हरेश्वरकाकांचं बोट राणीवरच थांबलं. सिस्टरनी पानांवर कापड टाकलं, ट्रे मध्ये सरकवला आणि उठल्या. "चल," त्या मला म्हणाल्या. "आपण दोघं डावात आहोत."

आम्ही विहिरीपाशी जाऊन उभे राहिलो. ओटीवरून भांडण ऐकू येत होतं. इनास अंकल म्हणत होते, वरचं पान उघडं होतं, बाकीची गड्डीत मिसळली नव्हती. हरेश्वरकाका म्हणत होते, "पन तोंडानं 'तुमचं' बोलला त्याचं काय?" मग अंकलचा आवाज आला, "थांब, जरा बघतो—" आणि सिस्टर विहिरीवरूनच ओरडल्या, "मोबाईल ठेव खाली!"

मला राहवेना. "सिस्टर, खोलीचं—"

"निकाल लागेपर्यंत डावातल्या दोघांनी डावाबद्दल बोलायचं नाही."

"डावाचं नाही जी. खोलीचं."

"मग बोल."

आता बोल म्हटल्यावर काय बोलायचं ते सुचेना. मी केळफुलाकडे बघून म्हणालो, "ते बँकेवाले आले होते का?"

"तुला कसं कळलं?"

"न्हाणीची खिडकी नीट बंद होत नाही."

"ती कधी दुरुस्त करणार आहेस?" त्या म्हणाल्या. "आले होते. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, खोलीत माणसं राहतात. मुलाने मला न विचारता त्यांना बोलावलं, त्यांची काय चूक? तुझ्या मुलीच्या शाळेत पत्ता लिहून देताना मीच हेडबाईंना म्हटलं होतं, लिहा, ही इथेच राहणार. ॲग्रीमेंटवाला मंगळवारी येतोय. सही करायला घरी थांब."

मी विहिरीचा कठडा धरला. आणि मग, काय सांगू, मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. मला वाटलं, हे सगळं मी हात वर केले म्हणून. खरेपणाचं फळ. मुलीला सांगायला गोष्ट झाली. मी विचारलं, "आणि सिस्टर, मी आज गप्प बसलो असतो तर? तर खोली गेली असती ना?"

सिस्टर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसा मला ताप चढलाय.

"खोलीचा नि डावाचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "गप्प बसला असतास तर एक डाव हरला असतास. पत्त्यांवर खोली द्यायला मी काय जुगारी आहे?"

ओटीवरून हाक आली. निवाडा हरेश्वरकाकांनी सांगितला, उभं राहून, कारण अंकलनाही सांगायचा होता, पण त्या वादात आपण हरलो की जिंकलो ते त्यांनाच कळत नव्हतं. "वरचं पान उघडं होतं, गड्डी पिसली नव्हती. 'तुमचं' बोलला तो चुकून. चुकून दिलेलं आपन ठेवून घेत नाय. ट्रे भंडाऱ्याचा."

सिस्टरनी ट्रे माझ्याकडे सरकवला आणि पत्ते पिसायला दिले.

संध्याकाळी मी मागे खोलीकडे आलो तर बायको दारातच. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हरले ना जी?"

"जिंकलो."

"कोणाशी?"

"सिस्टरशी. मोठा डाव."

ती आत गेली, खाटेखालची पेटी ओढली आणि फळीवरची भांडी उतरवायला लागली. मी म्हणालो, अगं थांब, ऐक तर, पण मला हसू आवरेना, तोंडातून शब्द नीट निघेना, आणि मी जितका हसत होतो तितकी भांडी जोरात पेटीत पडत होती.

"हसता काहून?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "येक काम सांगतलं होतं तुमाले. हरायचं. तेवढंबी जमलं नाही?"